मनगटातली वीज कुणाच्या मालकीची?

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने काचेत पडदा असलेला चष्मा आणला आणि त्याच्या जोडीला मनगटावर बांधायचा 'न्यूरल बँड'. अंगठा तर्जनीला टेकवला की चष्म्यातली खूण उघडते, बोटावरून अंगठा सरकवला की यादी पुढे जाते. पडद्याला हात लावायचा नाही, चारचौघांत यंत्राशी मोठ्याने बोलायचं नाही. हा पट्टा मनगटाच्या कातडीवरून स्नायूंची वीज वाचतो. तेव्हापासून जो वाद कानावर पडतो आहे, तो ऐकून मी बेचैन होतो. एक बाजू म्हणते, आता हे लोक आपल्या मनातलं वाचणार. दुसरी बाजू त्यांना अडाणी ठरवून म्हणते, अहो, हा नुसता माऊस आहे. मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडताना दिसतात. हा पट्टा मन वाचत नाही, पण तो नुसता माऊसही नाही. रक्ताचा नमुना घेतात तसा तो शरीराचा नमुना घेतो, फक्त सुई न टोचता आणि दिवसभर. त्या नमुन्यातून निघालेली 'उघड', 'पुढे जा' अशी आज्ञा तेवढी पट्ट्याबाहेर जावी आणि कच्चा संकेत, म्हणजे स्नायूंच्या विजेची मूळ नोंद, मनगटावरच विरून जावा, एवढा एक नियम आपण मागायला हवा. तोही आत्ताच, पट्टे घरोघरी पोचण्याआधी.

मी बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या मुलांना बरीच वर्षं ईएमजीचं, म्हणजे स्नायूंच्या विजेच्या मापनाचं, प्रात्यक्षिक शिकवलं आहे. कातडी स्पिरिटने पुसायची, जेलवाले तीन इलेक्ट्रोड कोपराखाली चिकटवायचे, आणि पहिली दहा मिनिटं वायरिंगमधून येणाऱ्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीशी झगडायचं. ज्या संकेताच्या मागे आपण असतो तो काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत, त्यामुळे भिंतीतली वीज त्याला सहज बुडवते. गुणगुण आवरली की मी मुलाला सांगतो, मूठ आवळायचा नुसता विचार कर. रेघ सपाट राहते. मग सांगतो, हात न हलवता अगदी किंचित जोर दे. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही काही हललेलं दिसत नाही, पण पडद्यावर काटे उभे राहतात. वर्गात दर वेळी एक लहानसा 'अरे!' ऐकू येतो.

या वादात जे हरवलं आहे ते सगळं त्या दोन रेघांच्या फरकात आहे. आज्ञा मेंदूतून निघते, मज्जारज्जूतल्या चेतापेशीपाशी येते आणि ती पेशी आपल्या ताब्यातल्या स्नायूतंतूंना एकदम कामाला लावते. एक चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून होतं एक मोटर युनिट. १९६३ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन बास्माजियन यांनी दाखवून दिलं की आपलाच संकेत ऐकायला आणि पाहायला मिळाला, तर माणसं एकेक मोटर युनिट आपल्या इच्छेने चालवायला शिकतात. म्हणजे पट्टा जे वाचतो तो विचार नव्हे, आणि प्रत्येक वेळी दिसणारी हालचालही नव्हे. तो या दोहोंमधला उंबरठा आहे.

'मन वाचणारा पट्टा' म्हणणारे इथे चुकतात. बर्लिनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४९ साली माणसाच्या हातातली ही वीज मोजून दाखवली, तेव्हा कातडीचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्यांनी हातावर फोड आणून ती कातडी काढली होती. आज फोडाच्या जागी कोरड्या धातूचे ठिपके आले आणि काट्याच्या यंत्राच्या जागी चिप आली, संकेत मात्र तोच आहे. तुम्ही कुणाला मत देणार, कुणावर तुमचा जीव आहे, रात्री कशामुळे झोप येत नाही, यातलं काही त्यात नसतं. साप साप म्हणून भुई धोपटत राहिल्याने नुकसान एवढंच होतं की यंत्र विकणाऱ्याला उत्तर फार सोपं जातं. 'आम्ही मन वाचत नाही' हे तो शपथेवर सांगू शकतो, आणि ते खरंच असतं. प्रश्न विचारणारा तोंडघशी पडतो. पुढचा, खरा प्रश्न मग विचारायचाच राहून जातो.

आता उत्साही मंडळींचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो मी मनापासून मान्य करतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या कित्येकांचा हात वरून निश्चल दिसतो, पण काही चेतातंतू शाबूत असतात आणि त्यांच्या स्नायूंत क्षीण का होईना, वीज असते. बोट हलत नाही, संकेत मात्र येतो. अशा माणसांना पट्ट्याने संगणक चालवता येतो का, यावर कार्नेगी मेलन विद्यापीठात मेटाच्या सहकार्याने काम सुरू आहे. हे मार्केटिंगसाठी शोधलेलं निमित्त नव्हे. स्नायूंच्या विजेवर चालणारे कृत्रिम हात १९६० च्या सुमारास मॉस्कोत बनले होते. तिथपासूनची ही परंपरा आहे. शरीर लुळं पडलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग शेवटच्या वर्षांत गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर आपला संगणक चालवत. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर ती हालचाल टिपत असे आणि त्यातून जगाला त्यांची वाक्यं मिळत. ज्याचं आयुष्य दुसऱ्याच्या हातून पाण्याचा पेला तोंडाला लागण्यावर अवलंबून आहे, त्याला 'थांबा, आधी आमची चर्चा संपू दे' असं मी सांगू शकत नाही.

पण हॉकिंग यांच्या गालाकडे रोखलेला तो सेन्सर नीट पाहा. त्यातून संगणकाला कळत होतं ते हो किंवा नाही. एक बटण. त्या बटणावरून त्यांच्या स्नायूंचा आलेख कुणाला काढता आला नसता. त्यांना मिळालेलं स्वातंत्र्य आज्ञेतून मिळालं, नमुना देऊन नव्हे. मग आज्ञा मिळवण्यासाठी नमुना कायमचा द्यावाच लागतो, असं आपल्याला का सांगितलं जातं?

नमुना म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका वर्षी प्रात्यक्षिकात एका मुलाच्या हाताला इलेक्ट्रोड लावले. हात टेबलावर सैल पडलेला होता, तरी पडद्यावर ठरावीक अंतराने झुबके उमटू लागले. वीस मुलं बघत होती. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. मी इलेक्ट्रोड बदलले, दुसऱ्या मुलावर लावून पाहिले. यंत्र ठीक होतं. मी पडदा बंद केला आणि तास संपल्यावर त्या मुलाला बाजूला बोलावून डॉक्टरांना भेटायला सांगितलं. पुढे काय निघालं, ते सांगायचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही. पण त्या दिवशी त्याने प्रयोगाला हात दिला होता, तपासणीला नव्हे. आणि मी मात्र, न ठरवता, त्याची तपासणी करून बसलो होतो.

ईएमजी ही मुळात दवाखान्यातली तपासणी आहे. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ चिठ्ठी लिहून देतात. थकलेल्या स्नायूच्या संकेतातल्या लहरी मंदावतात, हे या विषयाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पार्किन्सनमध्ये विसावलेल्या हाताची थरथर सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होते, आणि ती या संकेतात उमटते. प्रत्येकाच्या स्नायूंची धाटणी वेगळी असल्याने नुसत्या संकेतावरून माणूस ओळखण्याचे प्रयोगही झाले आहेत. दवाखान्यात स्नायूत टोचतात त्या सुईची बारकाई मनगटावरच्या पट्ट्यात नाही, हे खरं. पण सुई वीस मिनिटं असते आणि पट्टा सोळा तास. कुणी म्हणेल, माऊसच्या हालचालींवरूनही संशोधकांनी थरथर हुडकली आहे. हुडकली आहे, मान्य. माऊस मात्र आपण टेबलावर ठेवून जेवायला जातो. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणत आलो. इथे काकणच आरसा झालं आहे, आणि त्या आरशात आपल्याआधी दुसरं कुणीतरी पाहतं आहे.

'फोनला तुमच्याबद्दल याहून जास्त माहिती आहे, मग मनगटाचंच एवढं काय?' हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो पोकळ नाही. आपण कुठे जातो, कुणाशी बोलतो, काय विकत घेतो, हे फोनला ठाऊक आहे, आणि ते देताना आपण विचार केला नाही. पण मागच्या वेळी दार उघडं राहिलं, म्हणून या वेळी भिंतच पाडायची का? शिवाय ठिकाण बदलता येतं, नंबर बदलता येतो, दुकान बदलता येतं. मज्जारज्जूतल्या चेतापेशी कुणाला बदलता येत नाहीत.

अशी गोष्ट एका कामासाठी दिली आणि दुसऱ्याच कामाला लागली, हे आपल्या देशाने फार जवळून पाहिलं आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. हेतू एवढाच की त्याने पुढे सही नाकारू नये. १८९७ पर्यंत कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उभं राहिलं होतं आणि करारावरचा ठसा गुन्हेगाराच्या फाइलीत जाऊन बसला होता. ठसा तोच, बोट तेच. बदललं ते ठसा ठेवणाऱ्याचं काम, आणि ते बदलताना अंगठा देणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कामाच्या जागेची. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे अमेरिकी दांपत्य १९१० च्या दशकात कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून, कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवून, हाताच्या प्रवासाच्या प्रकाशरेषा टिपत असे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. फ्रँक यांनी त्याआधीच वीट रचण्याच्या अठरा हालचाली पाचेकवर आणल्या होत्या, आणि कामगाराचा थकवा कमी व्हावा असं दोघांनाही खरोखर वाटे. पण वाचलेल्या हालचाली कुणाच्या वाट्याला आल्या? कामगाराला दुपारी लवकर घरी जाता आलं का? मुंबईच्या गिरण्यांत 'कार्यक्षमता' हा शब्द आला तो विणकराकडे दोनाऐवजी तीन माग सोपवत. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद पडल्या, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. त्या वेळी निदान माग मोजता येत होते. दोनाचे तीन झाले, हे निरक्षर विणकरालाही दिसत होतं. पट्ट्याने मोजलेला थकवा कामगाराला दिसणार नाही, तो मुकादमाच्या पडद्यावर दिसेल.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर नागपूरकडे पाहा. तिथल्या महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. हजेरी घड्याळावर, नेमून दिलेली हद्द घड्याळावर, आणि हद्द सोडली तर पगार कापला जाण्याची टांगती तलवार. पहाटे झाडू हातात घेणाऱ्या माणसाच्या संमतीचा तिथे अर्थ काय होता? नको म्हणून तो कुठे जाणार होता? आणि ते घड्याळ तर फक्त 'कुठे' एवढंच सांगत होतं. ईएमजीचा पट्टा सांगेल झाडू किती जोराने धरला, दुपारी दोननंतर मनगट किती थकलं, कुणाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. पन्नाशीच्या सफाई कामगाराला कामावरून कमी करायला याहून सोयीचा कागद कोणता? तो कागद त्याच्या भल्यासाठीच काढला आहे, असंच त्याला सांगितलं जाईल.

आपला कायदा इथे काय म्हणतो? वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या सातव्या कलमात, ज्या कारणांसाठी संमती न घेता माहिती वापरता येते त्यांच्या यादीत, नोकरीशी संबंधित कारणं बसवली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक माहिती यांना 'संवेदनशील' म्हणून वेगळं स्थान होतं; नव्या कायद्यात तसा वर्गच नाही. म्हणजे माझ्या हातातल्या विजेचा आलेख आणि माझा घरचा पत्ता कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसले. उलट अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये चेतासंस्थेतून मोजलेल्या माहितीला संवेदनशील ठरवलं, आणि मेंदूपुरतं न थांबता मेंदूबाहेरच्या चेतासंस्थेचाही उल्लेख केला. तिथेही वाद होणार: वीज स्नायूची, की तिला चेतवणाऱ्या चेतातंतूची? माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू बाजारात 'न्यूरल' नावाने विकली जाते, तिने नियमाच्या दारात येऊन 'आम्ही फक्त स्नायू मोजतो' असं म्हणू नये.

न्यायालयात तर हा पट्टा अगदी अवघड जागी जाऊन बसणार आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये ठरवलं की आरोपीकडून बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. ठसा हा शरीराचा भाग, साक्ष हा मनाचा. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या विद्युत-लहरींच्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभर चर्चा झाली. मे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या चाचण्या सक्तीने करता येणार नाहीत. एका बाजूला हस्ताक्षर, दुसऱ्या बाजूला मेंदू, आणि मध्ये रेघ. आता टेबलावर बोटाने अक्षरं गिरवणाऱ्या माणसाच्या मनगटावरचा संकेत या रेघेच्या कुठल्या बाजूला? लिहिलं म्हणावं तर कागद नाही, विचार म्हणावा तर स्नायू चालला आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ पोलिसांना सही आणि हस्ताक्षरासारख्या वर्तनाच्या खुणाही गोळा करू देतो. मला भीती वाटते ती अशी की कुणीतरी आधी हा संकेत 'हस्ताक्षर' म्हणून उचलेल आणि आपण दहा वर्षांनी त्यावर निकाल वाचू. कच्चा संकेत साठवलेलाच नसेल, तर उचलायला काही उरणार नाही.

'पण साठवल्याशिवाय यंत्र शिकणार कसं?' हा शेवटचा आक्षेप, आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वांत वजनदार. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये मेटाच्या संशोधकांनी दाखवलं की पट्टा पहिल्यांदाच बांधणाऱ्या माणसाचंही लिखाण मिनिटाला सुमारे २१ शब्दांच्या वेगाने ओळखता येतं. याआधीच्या यंत्रांना प्रत्येक माणसागणिक नव्याने शिकवावं लागे. हे साधलं कारण लिखाणाच्या भागासाठी साडेसहा हजारांहून अधिक लोकांचे संकेत गोळा केले होते. काम थोर आहे, मी ते वाचून हरखलो. पण ती माणसं संशोधनात सहभागी व्हायला आली होती. आपण कशासाठी हात देतो आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. रक्तपेढीला रक्त लागतं म्हणून रक्तातली साखर तपासायला आलेल्याच्या हातातून जास्तीची बाटली कुणी भरून घेत नाही. चिमूट ओळखायला दूरच्या सर्व्हरची गरज नाही, ते काम पट्ट्यातली चिप करू शकते. आणखी शिकवायचं असेल तर वेगळं बोलवा, वेगळं विचारा, पैसे द्या.

असं बोलवायची वेळ मराठीसाठी येणारच आहे, आणि यावी असं मला फार वाटतं. ते साडेसहा हजार हात इंग्रजी अक्षरं गिरवत होते. आपला हात वेलांटी मागून देतो, जोडाक्षरात अर्धं अक्षर मोडतो, शिरोरेषा कुणी शब्द संपल्यावर ओढतं तर कुणी ओढतच नाही. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं लटकवत. मनगटाची ही सगळी चाल वेगळी आहे आणि ती शिकवल्याशिवाय पट्ट्याला मराठी येणार नाही. विद्यापीठांनी पुढाकार घेऊन, स्वेच्छेने आलेल्यांचे संकेत त्यांची ओळख काढून टाकून, मुदत ठरवून जमा केले तर मी सर्वांत आधी बाही वर करून बसेन.

कायद्यात मला हव्या आहेत त्या चार ओळी. ईएमजीचा कच्चा संकेत हा शरीराचा नमुना मानावा. आज्ञा ओळखून झाली की तो पट्ट्यातच पुसला जावा. संशोधनासाठी किंवा उपचारासाठी तो हवा असेल तर प्रत्येक वेळी स्वतंत्र, लेखी आणि मागे घेता येणारी संमती लागावी. आणि नोकरी, विमा किंवा पोलीस तपास यांसाठी तो मागण्याची मुभा कुणालाच नसावी. त्यासाठी माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमातून तो स्पष्ट शब्दांत वगळावा. यातल्या एकाही ओळीने मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा कर्सर थांबत नाही. उलट आपल्या हाताची नोंद विमा कंपनीकडे जाणार नाही, हे त्याला आपल्या कुणाहीपेक्षा जास्त हवं असतं.

२०१३ मध्ये कॅनडातल्या थॅल्मिक लॅब्जने 'मायो' नावाचा असाच पट्टा जाहीर केला होता, आठ सेन्सरचा, कोपराखाली बांधायचा. २०१८ मध्ये तो बंद झाला. पुढच्याच वर्षी त्याची पेटंटं सीटीआरएल-लॅब्ज या कंपनीने घेतली, आणि त्याच वर्षी ती कंपनी फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, विकत घेतली. सहा वर्षांत एका कल्पनेचे तीन मालक झाले. आज मनगटावर बांधलेल्या पट्ट्यातला संकेत कुठे साठवला जात असेल, तर तो २०३१ मध्ये कुणाच्या हाती असेल, हे विकणारालाही सांगता येणार नाही.